आधी सांग, काय काय खोललंस?

गाडी सुरू होईना की पहिला संशय बॅटरीवर. बॅटरी बदलूनही होईना, तर सेल्फवर, आणि मग डायनामोवर. कोल्हापूरच्या उद्यमनगरात गाड्यांच्या वायरिंगचं काम करणाऱ्या एका मिस्त्रींच्या शेडमध्ये मी अधूनमधून बसतो. घरी दुरुस्ती केलेली गाडी आली, की ते बॉनेट उघडण्याआधी एकच विचारतात, "काय काय खोललंस ते सांग." गाडीला काय होतंय, ते नंतर.

हा क्रम मला फार मोलाचा वाटतो. झिजून झिजून बिघडलेल्या गाडीत दोष कुठेही असू शकतो. पण काल धावणारी गाडी दुरुस्तीनंतर अडली, तर आधी हात फिरला तेवढीच जागा बघायची. नव्या सामानावर मात्र कुणाला शंका घ्यावीशी वाटत नाही आणि जोडणीकडे कुणी वळून बघत नाही.

परवा एक छोटी हॅचबॅक टोचन करून आणली होती. मालक पंचविशीतला, हाताचा हुशार. गिअरबॉक्स उतरवून क्लचप्लेट त्यानं मित्राच्या मदतीनं घरीच बदलली होती. उघडलंच आहे म्हणून बॅटरीखालचा गंज घासून तिथं काळा रंगही दिला होता. त्यानंतर किल्ली फिरवली की नुसतं टक्. "मामा, बॅटरी नवी टाकली, सेल्फ नवा टाकला. ढकलून चालू होते, पण चार दिवसांत बॅटरी परत डाऊन."

मिस्त्रींनी त्याला हेडलाईट लावून सेल्फ मारायला सांगितलं. दिवे पार विझले तर बॅटरी नाहीतर तिची टर्मिनलं. दिवे तसेच राहिले तर बॅटरीत जीव आहे, वाट अडलीय. इथं दिवे जेमतेम मंदावले. पाच-सहा वेळा सेल्फ मारून झाल्यावर ते म्हणाले, "आता क्लचच्या केबलला हात लाव." पोरानं हात लावला आणि झटकन मागे घेतला. केबल गरम झाली होती.

माझ्या मते निदान तिथंच झालं होतं. सेल्फ प्लस वायरीतून करंट घेतो आणि इंजिनाच्या लोखंडातून परत सोडतो. इंजिन रबराच्या माउंटिंगवर बसलेलं, म्हणजे बॉडीपासून तुटलेलं. तो करंट बॉडीत आणि तिथून बॅटरीच्या मायनसला न्यायला तांब्याच्या तारांची विणलेली अर्थिंगची पट्टी असते. तिनं वाट दिली नाही, तर करंट क्लचची केबल, ॲक्सिलरेटरची केबल, जे सापडेल त्यातून जातो. हेडलाईटचं अर्थिंग थेट बॉडीला असतं, म्हणून ते जळत राहतात आणि माणसाची दिशाभूल करतात.

तरीही मिस्त्रींनी पाना उचलला नाही, मीटर घेतला. पूर्ण चार्ज बॅटरी स्वस्थ असताना 12.6 व्होल्टच्या आसपास दाखवते. सेल्फ मारताना ती साधारण 10 च्या खाली जाऊ नये. ही 12.4 वर होती आणि सेल्फ मारताना 11.9. बॅटरी संशयातून सुटली. मग मीटरचं एक टोक बॅटरीच्या मायनस खांबाला, दुसरं इंजिनाच्या उघड्या धातूला. या दोन जागा एकच असायला हव्यात. सेल्फ मारतानाही त्यांच्यात अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त फरक नको. इथं आकडा सात-आठ व्होल्टच्या घरात उड्या मारत होता. सेल्फच्या वाट्याला उरलं जेमतेम चार.

पोरानं घरी मीटर लावलाच नव्हता असं नाही. त्यानं ती पट्टी ओहमवर तपासली होती, आणि मीटरनं शून्य दाखवलं होतं. इथंच भलेभले फसतात. छोट्या गाडीचा सेल्फसुद्धा शंभर-दीडशे अँपिअर ओढतो. जोडात 0.05 ओहम अडथळा असला, तरी 150 अँपिअरला साडेसात व्होल्ट तिथंच खर्च होतात. साध्या मीटरच्या स्वतःच्या वायरींचा अडथळा त्याहून जास्त असतो. त्याला हा दोष दिसणार कसा? वाट तपासायची तर तिच्यातून करंट वाहत असतानाच. 1912 च्या कॅडिलॅकसाठी चार्ल्स केटरिंग यांनी इलेक्ट्रिक सेल्फ बसवला, तेव्हा मोटर काही सेकंदच चालायची म्हणून तिच्यावर बेताबाहेर ताण टाकता येतो, हेच त्यांनी हेरलं होतं. त्या काही सेकंदांत प्रत्येक जोडाची परीक्षा होते.

चार्जिंगचं कोडंही त्याच जोडात होतं. गाडी ढकलून चालू केली. डायनामोच्या जाड वायरीचा बोल्ट आणि त्याचंच शरीर यांच्यात 14.4, बॅटरीवर 13.1. हेडलाईट आणि पंखा लावला, तर साडेबाराच्याही खाली. डायनामो पुरेपूर देत होता, बॅटरीपर्यंत पोहोचत नव्हतं. डायनामो इंजिनावरच बसतो, त्याचा करंटही त्याच पट्टीतून फिरतो.

चालू गाडीचं बॅटरी टर्मिनल काढून डायनामो तपासायची जुनी सवय काहींना अजून आहे. पोरानंही ते करून बघितलं होतं. मिस्त्री यावर खरंच रागावले, आणि रागवायलाच हवं. बॅटरी अचानक सुटली की व्होल्टेज उसळतं. डायनामोतले डायोड आणि गाडीचा ईसीएम, म्हणजे इंजिन सांभाळणारा कंप्युटर, जाऊ शकतो. मीटर असताना हा जुगार कशाला?

खात्रीसाठी जंपर केबल बॅटरीच्या मायनसवरून थेट इंजिनाला लावली. पहिल्याच फटक्यात गाडी चालू. मग पट्टी खोलली. बॉडीकडच्या बोल्टखाली नवा काळा रंग, गुळगुळीत, छान मारलेला. बोल्ट घट्ट होता, म्हणून कुणाला शंका आली नाही. मिस्त्रींनी आधी बॅटरीचा मायनस काढला, पट्टीची दोन्ही टोकं आणि बोल्टची बैठक काचपेपरनं चकचकीत होईस्तोवर घासली, दातेरी वॉशर घालून बोल्ट आवळला, आणि वरून ग्रीस लावलं. ग्रीस नेहमी जोड आवळल्यावर. पुन्हा मीटर: सेल्फ मारताना 0.2. चार्जिंग 14.2, हेडलाईट आणि पंखा लावूनही.

प्रत्येक गाडीला हे आकडे लावता येत नाहीत. नव्या गाड्यांत ईसीएम डायनामोला गरजेनुसार कमी-जास्त करतो. तिथं बॅटरीवर घटकाभर 12.8 दिसलं म्हणजे दोष असं नाही. डॅशबोर्डवरच्या बॅटरीच्या दिव्याचंही तसंच. काही जुन्या गाड्यांत त्याच बल्बमधून डायनामोला सुरुवातीचा करंट मिळतो. हौसेनं तिथं एलईडी बसवला, तर रेस देईपर्यंत चार्जिंगच सुरू होत नाही. "काय काय खोललंस" याच्या उत्तरात असली बारीक गोष्ट सांगायची राहून जाते, म्हणून मिस्त्री तोच प्रश्न दोनदा विचारतात.

पोरानं काढलेला जुना सेल्फ डिकीत होता. मिस्त्रींनी तो बाकावर पकडीत आवळून थेट बॅटरीवर लावला. दात पुढे आले, मोटर खणखणीत फिरली. "हा टाकू नकोस," त्यांनी बजावलं, "ह्यात काही बिघाड नव्हता."