झोपी गेलेला स्नायू, न लागणारी नाडी

एका वाचकांनी विचारलंय: तिशीच्या आतल्या पुतणीला ताकायासू आर्टरायटिस आहे, बायपास झाली, टूडी इकोत पंपिंग ३० टक्के होतं, ते वाढेल का?

वाढू शकतं. या आजारात महाधमनीची आणि तिच्या मोठ्या फांद्यांची भिंत सुजून जाड होते, आतली वाट अरुंद होते. रुग्ण बहुतेक तरुण स्त्रिया. १९०८ साली जपानचे नेत्रतज्ज्ञ मिकितो ताकायासू यांनी नेत्रतज्ज्ञांच्या सभेत एका तरुणीच्या डोळ्याच्या पडद्यावरचं रक्तवाहिन्यांचं विचित्र कडं वर्णन केलं. त्याच सभेत ओनिशी आणि कागोशिमा म्हणाले, आमच्या अशा रुग्णांच्या मनगटाला नाडीच लागत नाही. मर्म या दोघांनी पकडलं. नाव मात्र ताकायासूंचं!

कोरोनरी धमन्या महाधमनीच्या अगदी मुळाशी फुटतात. सूज तिथवर आली की त्यांची तोंडंच आवळतात. पण रक्त कमी पडलेला स्नायू लगेच मरत नाही. पगार अर्ध्यावर आला की घर खर्च आवरतं, तसा तो आकुंचनाचं काम कमी करून नुसता तग धरतो. ही कल्पना १९८० च्या दशकात रुजवली ती मुंबईत जन्मलेल्या शाहबुद्दीन रहिमतुला यांनी. अशी पेशी सूक्ष्मदर्शकाखाली धरली तर आकुंचनाचे तंतू विरळ आणि त्यांच्या जागी ग्लायकोजेन साठलेलं दिसतं. बायपासने रक्त परत मिळालं तरी तंतू पुन्हा विणले जायला महिने लागतात. पहिल्याच आठवड्यातला इको पाहून हिरमुसू नये. व्रण पडलेला भाग मात्र उठत नाही. स्टेम सेलने तो उठवण्याच्या जाहिराती पाहाल, तेव्हा २०१८ आठवा: याच विषयातले पिएरो अन्व्हर्सा यांचे ३१ निबंध मागे घ्या, असं हार्वर्डने सांगितलं होतं.

बायपाससाठी सर्जन एरवी छातीतली जी धमनी डोळे मिटून निवडतात, ती हाताच्या धमनीतूनच फुटते. हाताचीच धमनी अरुंद असेल तर पायाची शीर वापरावी लागते. शिवाय सूज धुमसत राहिली तर नवी वाटही आवळते, आणि ईएसआर ही सुजेची रक्तचाचणी नॉर्मल असूनही भिंतीत सूज असू शकते.

एक खोच राहिलीच. हाताची धमनी आवळलेली असली की दंडावरचं बीपी फसवं, कमी येतं. इकडे मूत्रपिंडाची धमनी अरुंद होऊन खरा दाब चढलेला, आणि अशक्त हृदय त्याच्याविरुद्ध झुंजतंय. तेव्हा पुतणीचं बीपी दोन्ही हातांत आणि दोन्ही पायांत मोजून घ्या, आणि सर्वांत मोठा आकडा डॉक्टरांना दाखवा.