फ्यूजच्या जागी दिवा

आमच्या एका शिक्षक मित्रांकडे तीस-पस्तीस वर्षांपूर्वीची मोटार आहे. गेल्या पावसाळ्यात तिने एक खोड काढली. रात्री गाडी खड्ड्यात आदळली, की मागचे-पुढचे सारे बारीक दिवे एकदम विझत. पाहावे तर फ्यूज उडालेला. नवा घातला, तरी तोही दोन दिवसांत जाई. शेवटी कोणीतरी सिगारेटच्या पाकिटातला चंदेरी कागद गुंडाळून फ्यूजच्या जागी बसवून दिला. पुढच्याच खड्ड्याला दिवे विझले नाहीत, पण गाडीत जळका वास सुटला. मित्रांनी तत्काळ दिव्यांचा खटका बंद केला, म्हणून निभावले.

चंदेरी कागदाने नेमके काय केले? ते आकड्यांतच पाहू.

मोटारीत बॅटरीपासून दिव्यापर्यंत एकच तार जाते. परतीची तार बहुधा नसते, ते काम गाडीचा पत्रा करतो. बॅटरीचे ऋण टोक पत्र्याला जोडलेले असते. त्यामुळे तारेचे आवरण कोठेही फाटून तांबे पत्र्याला टेकले, की विद्युतधारेला दिव्याला वगळून जवळची वाट मिळते. हेच शॉर्ट सर्किट. मेकॅनिक म्हणतो, “वायर बॉडीला लागली.”

या गाडीत मागचे दोन, पुढचे दोन आणि नंबरपाटीचा एक असे प्रत्येकी ५ वॅटचे पाच दिवे एकाच फ्यूजवर होते. एकूण २५ वॅट. १२ व्होल्टने भागले, की धारा येते सुमारे २ अँपियर. म्हणून ८ अँपियरचा फ्यूज पुरेसा होता.

आता तार पाच मीटरवर पत्र्याला टेकली असे समजू. १ चौरस मिलिमीटर छेदाच्या पाच मीटर तांब्याच्या तारेचा रोध सुमारे ०.०८५ ओहम. बॅटरी आणि सांधे यांचा मिळून ०.०३५ ओहम धरला, तर एकूण ०.१२ ओहम. ओहमच्या नियमाने धारा होते १०० अँपियर! तारेत दर सेकंदाला धारेचा वर्ग गुणिले रोध, म्हणजे सुमारे ८५० ज्यूल उष्णता निर्माण होते. या तारेतले तांबे जेमतेम ४५ ग्रॅम. ते १ अंशाने तापायला १७ ज्यूल लागतात. म्हणजे तार सेकंदाला सुमारे ५० अंश सेल्सिअसने तापू लागते. तारेवरचे साधे प्लॅस्टिक साधारण ७० अंशांपर्यंतच बेतलेले असते. फ्यूज असता, तर तो आधीच वितळून तार वाचली असती. फ्यूज काढला, की वितळण्याचे काम तारेकडे येते.

दोष शोधायचा, तर तो घडू दिला पाहिजे. आणि घडला तर फ्यूज उडतो. मग शोधायचे कसे? आम्ही फ्यूज काढला आणि त्याच्या दोन पकडींमध्ये १२ व्होल्ट, २१ वॅटचा दिवा जोडला. आता तार पत्र्याला कितीही घट्ट चिकटली, तरी धारा या दिव्यातूनच जाणार, म्हणजे पावणेदोन अँपियरहून अधिक वाहणार नाही. तार तापत नाही, आणि दोष असेतोवर दिवा जळत राहतो.

मात्र गाडीचे पाचही दिवे आधी काढावे लागतात. नाहीतर दोष नसतानाही त्यांच्यातून धारा वाहते, आमचा दिवा मिणमिणतो आणि गोंधळ होतो. डॅशबोर्डमधला इवला दिवा आम्ही तसाच ठेवला. त्याचा रोध इतका मोठा, की त्यातून जाणाऱ्या धारेने आमचा दिवा उजळत नाही.

खटका दाबला. दिवा पेटला नाही. मागच्या डिकीचे झाकण दोनदा आपटले, आणि दिवा लख्ख पेटला. दोष पकडीत आला होता.

आता सगळ्या तारा उसवायच्या नव्हत्या. आधी पुढच्या दिव्यांकडे जाणारी फांदी सोडवली. दिवा जळतच राहिला. म्हणजे ती बाजू निर्दोष. मग मागच्या आसनाखालचा सांधा सोडवला. दिवा विझला, म्हणजे दोष त्या सांध्याच्या मागे. सांधा पुन्हा जोडून डिकीतल्या तारा बोटांनी एकेक हलवत गेलो. पत्र्याच्या एका भोकातून तार जाते, तिथे हात लागताच दिवा फडफडला. भोकातले रबरी कडे सुकून गळून पडले होते. पत्र्याच्या धारेने तारेचे आवरण कापले होते. आत दोन-तीन मिलिमीटर तांबे उघडे! बॅटरीचे ऋण टोक सोडवले, तार दुरुस्त केली, नवे रबरी कडे आणि नवा ८ अँपियरचाच फ्यूज बसवला.

हाच प्रयोग वर्गात करता येतो. एका पुठ्ठ्यावर ॲल्युमिनियमचा कागद चिकटवा. हा झाला गाडीचा पत्रा. त्याला चार टॉर्चसेलच्या बॅटरीचे ऋण टोक जोडा. धन टोकाला ६ व्होल्टचा छोटा दिवा आणि त्यापुढे एकामागोमाग जोडलेले तारेचे आठ तुकडे लावा. शेवटचे टोक मोकळे ठेवा. विद्यार्थ्यांच्या नकळत एका तुकड्याचे आवरण सोलून तो कागदाला टेकवा आणि सारे तुकडे कापडाने झाका. फक्त सांधे उघडे ठेवा. दिवा पेटेल. कोणते सांधे सोडवायचे हे विद्यार्थ्यांनी ठरवावे. एका टोकाकडून क्रमाने गेले, तर सातपर्यंत सांधे सोडवावे लागू शकतात. दर वेळी उरलेल्या भागाच्या मध्यावरचा सांधा सोडवला, तर तीन पुरतात. का, ते विद्यार्थ्यांनाच सांगू द्यावे.

एक सूचना मात्र आवर्जून द्यावी. हा खेळ सेलवर किंवा मोटारीच्या बॅटरीवरच. घरातल्या २३० व्होल्टच्या जोडणीवर तो कोणीही करू नये. तिथे वायरमनला बोलवावे, आणि तो येईपर्यंत उडालेल्या फ्यूजच्या जागी दुसरे काहीही घालू नये. ताप आला म्हणून तापमापी फोडून टाकण्यासारखेच ते आहे.