दगड उचलण्याआधी

सुट्टी लागली की आपली मुले नदीवर जातात आणि येताना खिसे भरून दगड आणतात. धुणे धुताना आई ओरडते, दगड उकिरड्यावर जातात. त्यातला एखादा दगड लाखो वर्षांपूर्वीच्या माणसाने घडवलेला असू शकतो, हे मुलांना कोण सांगणार? म्हणून आम्ही हे लिहीत आहोत.

वाई, कराड, सांगली करीत आपली कृष्णा नरसोबाच्या वाडीपुढे बेळगाव जिल्ह्यात शिरते. तिथे येडूरवाडीला नदीच्या जुन्या गोट्यांच्या थरात आदिमानवाच्या हातकुऱ्हाडी सापडल्या.

अशी हत्यारे ओळखायची कशी? नदीत गडगडलेला गोटा गुळगुळीत असतो. घडवलेल्या काळ्या दगडावर दोन्ही बाजूंनी छिलके काढल्याच्या खोलगट खुणा दिसतात. त्या जिथे मिळतात, तिथे धार येते. आपल्या आयाबहिणींनी रोजगार हमीवर खडी फोडली आहे. घाव कुठे घातला की दगड कसा फुटतो, हे त्यांना ठाऊक आहे. त्या पहिल्या कारागिराचीही विद्या हीच होती. त्याची जात दगडावर लिहिलेली नाही, त्याचे काम मात्र दिसते.

पण हत्यार आपले वय स्वतः सांगत नाही. पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या संशोधक शीला मिश्रा यांनी १९९२ साली येडूरवाडीचे वय मांडले, ते साडेतीन लाख वर्षांहून अधिक. हे कळले ते हत्यारांच्या थरातल्या चुनखडीच्या तपासणीवरून. तीच हातकुऱ्हाड कुणी आधीच उचलून घरच्या फळीवर ठेवली असती, तर ती नुसता दगड उरली असती.

म्हणून पालकांनी मुलांना एवढे शिकवावे. काठ उकरू नका. दगड आहे तिथेच ठेवून, शेजारी रुपया ठेवून फोटो काढा. गाव, ओढा, तारीख आणि दगड कोणत्या थरात दिसला हे वहीत लिहा. मग शाळेतल्या गुरुजींना दाखवा किंवा डेक्कन कॉलेजच्या पुरातत्त्व विभागाला पत्र टाका. विकण्याचा मोह धरू नका. पुरावस्तूंच्या व्यापारावर १९७२ च्या कायद्याची बंधने आहेत.

वाळूच्या उपशात नदीचे काठ खचत आहेत आणि त्यांतले जुने थरही जात आहेत. यंत्र पोचण्याआधी आपल्या मुलाची वही तिथे पोचली, तर एका गावाचा इतिहास वाचेल.