हरिद्रा : चकाकीपेक्षा गाभा पाहावा

सातारा-सांगलीच्या कृष्णाकाठी हळद विपुल पिकते. सांगलीच्या हळदीस २०१८ मध्ये भौगोलिक मानांकनही लाभले. हरिपूरच्या पेवांत हळकुंडे दीर्घकाळ कीडमुक्त राहत, कारण बंद पेवात प्राणवायू फारसा उरत नसे. २००५ च्या महापुरात अनेक पेवे निकामी झाली.

चरकाचार्यांनी हरिद्रेस लेखनीय, कुष्ठघ्न व विषघ्न गणांत स्थान दिले. प्रमेहात आमलकीसह तिची योजना तर सर्वपरिचित आहे. मात्र लेड क्रोमेट या शिसेयुक्त रंगाने पिवळेधमक केलेले हळकुंड चूर्णात गेल्यास विषघ्न द्रव्यच विष ठरेल! म्हणून औषधनिर्मात्यांनी तयार पूड न घेता बिनपॉलिश, अखंड हळकुंड घ्यावे, असे आम्ही सुचवितो. मोडल्यावर गाभा गर्द केशरी व सुगंधी असावा. शिसे मात्र नजरेस ओळखू येत नाही. त्याची परीक्षा प्रयोगशाळेतूनच करवून घ्यावी.