नवं सस्पेन्शन कुरकुरतं तेव्हा

बाहेरून बसवलेल्या सस्पेन्शनची स्पीडब्रेकरवर येणारी कुरकुर पुष्कळदा पॉलियुरेथेन बुशची असते. कंपनीचा रबरी बुश सहसा धातूच्या नळीला पक्का चिकटवलेला असतो. आर्म हलला की रबर पिळवटतं, घासत नाही. पॉलियुरेथेन नळीवर घासत फिरतं, म्हणून त्याला सिलिकॉन ग्रीस हवंच. साधं ग्रीस पावसाळ्यात लवकर धुऊन जातं.

आवाज शोधायला पाणी पुरतं. एकाने बॉनेटचा कोपरा दाबत राहावं, दुसऱ्याने एकेका बुशवर पाणी फवारावं. ज्यावर पाणी पडताच आवाज थांबतो, तिथे दोष. रबरावर ऑइल मात्र मुळीच मारू नका, ते फुगतं. एकच चाक उचललं जाताना कुरकुर होत असेल, तर आधी अँटी-रोल बारचे बुश पाहा. ‘खट्‌खट्’ ही वेगळी तक्रार: सैल बोल्ट किंवा झिजलेली लिंक. जुन्या थारसारख्या गाडीत मागच्या लीफ स्प्रिंगच्या पाट्यांमधला चिखल आणि गंजही कुरकुरतो.

रबरी बुशचे बोल्ट गाडीचा भार चाकांवर असतानाच शेवटचे आवळायचे. चाकं लोंबकळत असताना आवळले तर रबर कायम पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं. गॅरेजमध्ये हे आवर्जून सांगा.