दयाळू मालकाचे कर्ज

हॅरिएट बीचर स्टो यांची 'अंकल टॉम्स केबिन' ही कादंबरी १८५१ च्या जूनपासून 'नॅशनल एरा' या गुलामगिरीविरोधी साप्ताहिकात क्रमशः येऊ लागली आणि १८५२ च्या मार्चमध्ये पुस्तकरूपाने निघाली, तेव्हा पहिल्या वर्षातच एकट्या अमेरिकेत तिच्या सुमारे ३ लाख प्रती खपल्या. या लेखनाला तातडीचे कारण होते. १८५० च्या कायद्याने पळालेल्या गुलामाला, तो गुलामगिरी नसलेल्या राज्यात पोचला असला तरी, पकडून मालकाच्या हवाली करण्याचे काम उत्तरेकडील नागरिकांच्याही गळ्यात घातले होते, आणि ज्यांच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या गुलाम नव्हता तेही त्यामुळे या पापाचे भागीदार होणार होते.

कादंबरीचे पहिलेच प्रकरण तिचे सर्वांत धारदार प्रकरण म्हणावे लागेल. केंटकी राज्यातील शेल्बी नावाचा सुस्वभावी जमीनदार हेली या गुलामांच्या व्यापाऱ्यासमोर मद्याचा पेला घेऊन बसला आहे; तो कर्जात बुडाला असून त्याच्या हुंड्या या व्यापाऱ्याच्या हाती गेल्या आहेत. शेल्बीचा गुलाम टॉम याला विकायचे ठरते, पण तेवढ्याने हिशेब पुरा होत नाही. इतक्यात एलायझा या दासीचा चार-पाच वर्षांचा मुलगा खोलीत येतो, शेल्बी त्याच्याकडे मनुकांचा घोस फेकतो, पाहुण्याच्या करमणुकीसाठी त्याला नाचायला आणि नकला करायला लावतो, आणि ते कौतुक पाहूनच व्यापारी हे पोर सौद्यात मागतो. कोणी चाबूक उचललेला नाही, कोणाचा आवाजही चढलेला नाही, तरी आईपासून लेकरू तोडण्याच्या सौद्याची बोलणी जेवणघरात होऊन जातात. पुढे सेंट क्लेअर हा दुसरा, त्याहून सुसंस्कृत मालक टॉमला मुक्त करण्याचे वचन देतो, कागदपत्रांची सुरुवातही करतो, पण दोघांचे भांडण सोडवताना सुरीचा वार लागून मरतो, आणि त्याची विधवा टॉमला लिलावात काढते. मालकाची दया त्याच्या कर्जाबरोबर किंवा त्याच्या श्वासाबरोबर संपते, हे स्टो यांनी इतक्या स्वच्छपणे मांडले आहे की 'आमच्याकडे गुलामांना चांगले वागवीत' या युक्तिवादाला पुढे काही आधार उरत नाही.

गुलामांचा व्यवहार माळव्यातही झाला आहे, म्हणूनच धार, देवास आणि तिरला परिसरातील मराठी वाचकाने ही कादंबरी परदेशची कथा म्हणून वाचू नये. १८१८ नंतर महू येथे तळ ठेवून मध्य हिंदुस्थानची व्यवस्था लावणाऱ्या जॉन माल्कम या ब्रिटिश अधिकाऱ्याने १८२३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथात माळव्यातील गुलामगिरीची नोंद केली आहे. त्याच्या मते येथील गुलामगिरी मुख्यतः स्त्रियांची होती आणि त्या बाबतीत हिंदुस्थानातील क्वचितच एखादा प्रांत माळव्याची बरोबरी करू शकला असता; रजपूत सरदार आणि प्रमुख ब्राह्मण घराणी यांच्याकडे अशा स्त्रिया मोठ्या संख्येने असत, पण ऐपतदार व्यापारी आणि शेतकरीही त्याला अपवाद नव्हते. दुष्काळात आईबापांनी विकलेली मुले हा या व्यवहाराचा एक मोठा उगम होता. ज्या वर्षी पाऊस दगा देई, त्या वर्षी शेल्बीच्या हुंड्यांचे काम रिकामी कणगी करीत असे.

मराठी घराण्यांना ही प्रथा माळव्यात आल्यावर शिकावी लागली असेही नाही. पेशवाईच्या कागदांत 'बटीक' आणि 'कुणबीण' हे शब्द वारंवार येतात. बटीक किंवा कुणबीण म्हणजे विकत घेतलेली, बक्षीस मिळालेली किंवा सरकारजमा झालेली दासी, जिच्याकडून दळण-कांडणापासून शेणगोठ्यापर्यंत सारे काम घेतले जाई. व्यभिचाराचा ठपका आलेल्या स्त्रियांनाही सरकार दासी करून किल्ल्यांवर किंवा कारखान्यांत, म्हणजे सरकारी कोठारांत व खात्यांत, कामाला लावीत असे. या स्त्रियांचे दुःख सांगणारी एलायझा मराठी कादंबरीला लवकर मिळाली नाही. बाबा पदमनजींची 'यमुनापर्यटन' १८५७ मध्ये, म्हणजे स्टो यांच्या पुस्तकानंतर पाचच वर्षांनी आली आणि तिने विधवांची स्थिती पोटतिडकीने मांडली, पण बटकीची कहाणी तिचा विषय नव्हता.

१८४३ च्या कायद्याने ईस्ट इंडिया कंपनीच्या मुलखातील न्यायालयांनी माणसावरील मालकी मान्य करणे बंद केले. धार आणि देवास ही संस्थाने असल्यामुळे तो कायदा तेथे आपोआप लागू होणारा नव्हता. पुढे जोतीराव फुले यांनी १८७३ मध्ये आपल्या ग्रंथाला 'गुलामगिरी' हेच नाव दिले आणि तो गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतील सज्जनांना अर्पण केला, तेव्हा अमेरिकेतील बेडी आणि येथील जात यांची तुलना मराठीत कायमची रुजली. महू येथेच १८९१ मध्ये जन्मलेल्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ही तुलना आणखी कठोर केली. गुलामाला मुक्त करण्याची वाट कायद्यात असते, अस्पृश्याला तशी वाट नसते, आणि गुलाम ही मालकाची मालमत्ता असल्याने त्याच्या जिवाची काळजी घेण्यात मालकाचा स्वार्थ असतो, असे त्यांचे म्हणणे होते. पहिला मुद्दा येथे बाजूला ठेवू. दुसऱ्याला मात्र कादंबरीतील सायमन लग्री हा मळेवाला हरकत घेतो, कारण आजारी गुलामाची निगा राखण्यापेक्षा त्याला झिजवून संपवावे आणि दुसरा विकत घ्यावा, हेच त्याला स्वस्त पडते. किंमत असलेल्या जिवालाही संरक्षण नसते, हा स्टो यांचा पुरावा आंबेडकरांच्या युक्तिवादाशेजारी ठेवून वाचण्याजोगा आहे.

कादंबरीत दोष आहेत आणि ते किरकोळ नाहीत. टॉमची सहनशीलता इतकी आदर्श रंगवली आहे की त्याचे नाव पुढे कृष्णवर्णीयांतच लाचारीची शिवी झाले. अमेरिकन लेखक जेम्स बाल्डविन यांनी १९४९ मध्ये तिच्या भावविवशतेवर कडक टीका केली, ती बव्हंशी योग्यच होती. मुक्त झालेल्या एलायझाला आणि तिचा नवरा जॉर्ज याला लेखिका शेवटी आफ्रिकेतील लायबेरियात पाठवते, म्हणजे त्यांना अमेरिकेत जागा देणे तिलाही जमले नाही. तरीही व्यवहाराचे कागद, उधारी आणि मृत्युपत्रे यांतून गुलामगिरी कशी चालते हे दाखवण्यात ही कादंबरी आजही अचूक आहे.

धार-देवासच्या अनेक जुन्या मराठी घराण्यांत मोडी लिपीतील, म्हणजे जुन्या जलद मराठी लेखनाच्या लिपीतील, हिशेबाची बाडे अजून असतील. ज्यांच्याकडे ती आहेत त्यांनी ती रद्दीत जाऊ देऊ नयेत. मोडी जाणणाऱ्याकडून ती वाचून घ्यावीत, आणि कुणबिणीच्या खरेदीची किंवा देणगीची नोंद सापडली तर घराण्याच्या अब्रूपायी ती झाकून न ठेवता, त्या स्त्रीचे नाव आणि तिची किंमत जशीच्या तशी उतरवून अभ्यासकांच्या स्वाधीन करावी.