परदेशी मालाची ऑनलाइन खरेदी : वाहतुकीचा मार्ग कसा निवडावा?

आयुर्वेदीय औषधालयाचे परदेशाशी असलेले नाते नवे नाही. हिंगाचा ‘बाह्लीक’ हा पर्याय बल्खच्या प्रदेशाकडे बोट दाखवितो. ‘पारसीक यवानी’ म्हणजे आपला खुरासानी ओवा. त्याच्या नावातच इराण आहे. सोळाव्या शतकातील भावप्रकाशात चोपचिनीला ‘द्वीपांतर वचा’ म्हटले आहे. हिरडा, बेहडा आपल्या भोर-वेल्ह्याच्या डोंगरात मिळतात. ज्येष्ठमध आणि हिंग मात्र पिढ्यान्‌पिढ्या बाहेरूनच येत आले. पूर्वी हा माल तांडे, गलबते आणि आडते यांच्या हातून येई. त्याची पारख, जकात आणि वाहतूक यांची चिंता व्यापारी वाही. वैद्याने फक्त द्रव्य पाहून घ्यावे.

आज मधला व्यापारी पुष्कळदा गळून पडला आहे. भोंगवलीसारख्या गावी बसलेला वैद्यही परदेशातील दुकानातून पीएच मीटर, आर्द्रतामापक किंवा दुर्मिळ ग्रंथ थेट मागवू शकतो. पैसे भरण्यापूर्वी तेथे एक प्रश्न विचारला जातो : माल कोणत्या मार्गाने पाठवावा? बहुतेक जण दर आणि दिवस पाहून उत्तर देतात. प्रस्तुत लेखाचे म्हणणे असे की, हा निर्णय दरावरून घ्यावयाचा नसून मालाची प्रकृती, खरेदीचा हेतू आणि लागणारी कागदपत्रे यांवरून घ्यावयाचा असतो. एकच कल्प रोग व रोगी पाहून निरनिराळ्या अनुपानांसह दिला जातो, तसेच हे आहे.

उपलब्ध मार्ग

पहिला मार्ग टपालाचा. जागतिक टपाल संघाची स्थापना १८७४ साली झाली आणि भारत १८७६ मध्ये त्याचा सदस्य झाला. त्यामुळे परदेशातील टपाल खात्याकडे दिलेले पुडके आपल्या गावचा पोस्टमन आणून देतो. दोन किलोपर्यंतचे छोटे पाकीट, त्याहून जड पार्सल आणि जलद ईएमएस असे याचे मुख्य प्रकार आहेत. मागोवा क्रमांकावरूनही प्रकार ओळखता येतो. दोन अक्षरे, नऊ अंक आणि शेवटी देशाची दोन अक्षरे अशी त्याची रचना असते. आरंभीचे अक्षर ‘ई’ असल्यास ईएमएस, ‘सी’ असल्यास पार्सल, ‘आर’ असल्यास नोंदणीकृत टपाल. शुल्क विदेश डाकघरात ठरते आणि माल हाती देताना वसूल होते.

दुसरा मार्ग खासगी आंतरराष्ट्रीय कुरिअरचा. हा जलद खरा. सीमाशुल्काचे काम कुरिअर कंपनी स्वतः करते व त्यासाठी आपल्याकडून ओळखपत्राची कागदपत्रे मागते. मात्र शुल्काची रक्कम तिने आधी भरली असल्यास त्यावर स्वतःचा आकार लावते. शिवाय शहराबाहेरील गावांसाठी काही कंपन्या अधिक रक्कम घेतात. आपल्या पिनकोडवर थेट पोच आहे की नाही, हे आधीच विचारावे. नसल्यास भोर किंवा पुणे येथील खात्रीचा पत्ता देणे सोयीचे ठरते.

तिसरा मार्ग विमान मालवाहतुकीचा व चौथा समुद्रमार्गाचा. या दोहोंत सीमाशुल्क दलालाची गरज पडते. काचेच्या बाटल्या, बरण्या, गोळ्या पाडण्याचे यंत्र असा अवजड माल घेणाऱ्या फार्मसीचालकांना समुद्रमार्ग परवडतो. पूर्ण कंटेनर भरण्याइतका माल नसल्यास इतरांच्या मालासोबत जागा मिळते. तेथे आकारणी एक टन किंवा एक घनमीटर यांपैकी जे जास्त भरेल त्यावर होते. या मार्गाने आपला माल सामान्यतः न्हावा शेवा बंदरात उतरतो.

वजन : प्रत्यक्ष आणि घनमानाचे

कुरिअरचा दर पाहताना पुष्कळांची फसगत एका गोष्टीने होते. कुरिअर कंपन्या प्रत्यक्ष वजन आणि घनमानाचे वजन यांपैकी जे अधिक असेल त्यावर आकारणी करतात. खोक्याची लांबी, रुंदी आणि उंची सेंटिमीटरमध्ये मोजून त्यांच्या गुणाकारास ५,००० ने भागले की घनमानाचे वजन किलोत मिळते. ५० × ४० × ३० सेंटिमीटरच्या खोक्याचे हे वजन १२ किलो भरते, मग आत अवघा तीन किलोचा माल असो. प्लास्टिकच्या रिकाम्या डब्या किंवा कापसात गुंडाळलेली काचपात्रे कुरिअरने मागविणे म्हणूनच महाग पडते. याउलट लहान पण जड वस्तूस कुरिअर जाचक ठरत नाही. विक्रेत्यास नेहमी वजनाबरोबर खोक्याची मापेही विचारावीत.

दारात पडणारी किंमत

सीमाशुल्क केवळ वस्तूच्या किमतीवर लागत नाही. वाहतूक आणि विमा त्यात मिळविला जातो. मात्र २००७ च्या मूल्यांकन नियमांनुसार विमानाने आलेल्या मालाचा वाहतूक खर्च वस्तूच्या किमतीच्या २० टक्क्यांहून अधिक धरता येत नाही. विम्याची रक्कम माहीत नसल्यास १.१२५ टक्के धरली जाते.

एक उदाहरण पाहू. फार्मसीसाठी १०,००० रुपयांचे उपकरण मागविले. कुरिअरचा खर्च ४,००० रुपये, टपालाचा १,२०० रुपये. दर वस्तूनुसार बदलतात. येथे गणित समजावे म्हणून मूळ सीमाशुल्क १० टक्के, त्यावर १० टक्के समाजकल्याण अधिभार आणि आयजीएसटी १८ टक्के धरू. कुरिअरच्या बाबतीत वाहतूक २,००० रुपयेच धरली जाईल, म्हणून शुल्कयोग्य मूल्य १२,११२ रुपये ५० पैसे होईल आणि एकूण शुल्क सुमारे ३,७५२ रुपये. दारात पडणारी किंमत सुमारे १७,७५२ रुपये, शिवाय कुरिअरचा आकार वेगळा. टपालाने मूल्य ११,३१२ रुपये ५० पैसे, शुल्क सुमारे ३,५०५ रुपये आणि एकूण किंमत सुमारे १४,७०५ रुपये, अधिक टपाल खात्याचे किरकोळ शुल्क. तात्पर्य, १०,००० रुपयांची वस्तू कोणत्याही मार्गाने १०,००० रुपयांना पडत नाही. विक्रीची किंमत ठरविताना फार्मसीचालकाने हाच आकडा धरावा.

द्रव्यानुसार मार्ग

*ग्रंथ :* मॉयलनबेल्ड यांचा भारतीय वैद्यक वाङ्मयाचा पाच भागांतील इंग्रजी इतिहास १९९९ ते २००२ या काळात नेदरलँड्समधील ग्रोनिंगेन येथून प्रसिद्ध झाला. असे जड ग्रंथ टपालानेच मागवावेत. छापील साहित्यासाठी टपालात एकाच पत्त्यावर जाणाऱ्या ‘एम बॅग’ची सोय आहे, पाठविणाऱ्या देशात ती चालू आहे का, हे विचारावे. २०१९ च्या अर्थसंकल्पात आयात पुस्तकांवर ५ टक्के सीमाशुल्क लागू झाले, हेही ध्यानात असावे.

*उपकरणे :* नाजूक आणि मौल्यवान मापकांसाठी विमा उतरविलेले कुरिअर योग्य. परंतु १ एप्रिल २०२० पासून रोगनिदानाची साधने वैद्यकीय उपकरणांच्या नियमांखाली आली आहेत, आणि बिनतारी जोडणी असलेल्या साधनास दूरसंचार खात्याची वेगळी मान्यता लागते. ब्लूटूथवर चालणारा डिजिटल स्टेथोस्कोप मागविताना हे दोन्ही प्रश्न उभे राहतात. सुट्या लिथियम-आयन बॅटऱ्या प्रवासी विमानातून माल म्हणून नेण्यास एप्रिल २०१६ पासून बंदी आहे. निलगिरीसारखी सुगंधी तेले ज्वालाग्राही गणली जात असल्याने तीही साध्या टपालाने मागवू नयेत.

*वनस्पतिज द्रव्ये :* येथे सर्वाधिक सावधगिरी हवी. २००३ च्या वनस्पती संगरोध आदेशानुसार अशा मालास आयात परवाना आणि निर्यातदार देशाचे वनस्पती आरोग्य प्रमाणपत्र लागते. कुरिअरसंबंधीच्या २०१० च्या नियमावलीने वनस्पती व त्यांचे भाग आपल्या कक्षेबाहेरच ठेवले आहेत. म्हणजे अक्कलकऱ्याची मुळे कुरिअरने मागविणे हा जलद मार्ग नसून माल अडकविण्याचा मार्ग आहे. कुष्ठ हे वन्यजीव व्यापाराच्या साइट्‌स कराराच्या पहिल्या परिशिष्टात, तर जटामांसी दुसऱ्या परिशिष्टात आहे. त्यांची परदेशी जाहिरात कितीही आकर्षक असो, परवान्याशिवाय ती द्रव्ये येऊ शकत नाहीत. वनस्पतिज द्रव्ये परवानाधारक आयातदाराकडून, त्याच्या आयात कागदांची प्रत पाहून घ्यावीत, हेच श्रेयस्कर.

*सैंधव :* मार्ग बदलल्याने मालाचे मूळ बदलत नाही, हे सैंधवाने शिकविले. या लवणाचा प्रसिद्ध स्रोत पाकिस्तानातील खेवडा येथील खाण. फेब्रुवारी २०१९ मध्ये पाकिस्तानी मालावर २०० टक्के शुल्क लागले आणि २ मे २०२५ रोजी तेथील मालाच्या प्रत्यक्ष-अप्रत्यक्ष आयातीवरच बंदी आली. त्यानंतर जून २०२५ मध्ये महसूल गुप्तचर संचालनालयाने न्हावा शेवा येथे दुबईमार्गे आलेल्या पाकिस्तानी मालाचे ३९ कंटेनर पकडले. युरोपातील एखाद्या दुकानातून ‘हिमालयीन मीठ’ मागविणाऱ्यानेही त्याचे उगमस्थान विचारावे, हे यावरून स्पष्ट व्हावे.

खरेदी कोणाच्या नावे?

वैयक्तिक वापराच्या वस्तूंसाठी सीमाशुल्क दरपत्रकात ९८०४ हे स्वतंत्र शीर्षक आहे. विक्रीसाठीचा माल त्यात बसवू नये. व्यवसायासाठी आयात करावयाची तर विदेश व्यापार महासंचालनालयाचा आयात-निर्यात क्रमांक घ्यावा. तो ऑनलाइन मिळतो व त्याचे शुल्क ५०० रुपये आहे. भरलेल्या आयजीएसटीचे क्रेडिट हवे असल्यास बिल ऑफ एंट्रीवर आपला जीएसटी क्रमांक असलाच पाहिजे. कंपोझिशन योजनेतील दुकानदारास हे क्रेडिट मिळत नाही.

काही विक्रेते ग्राहकावर उपकार म्हणून पुडक्यावर ‘भेटवस्तू’ लिहितात किंवा किंमत कमी दाखवितात. टपाल वा कुरिअरने येणाऱ्या ५,००० रुपयांपर्यंतच्या भेटवस्तूंची शुल्कमाफी डिसेंबर २०१९ मध्येच संपली. राखी व जीवरक्षक औषधे यांचाच अपवाद राहिला. खोट्या नोंदीने शुल्क वाचत नाही, उलट माल जप्त होण्याचा आणि दंडाचा धोका वाढतो. विक्रेत्याने लिहिलेल्या खोट्याचे उत्तर शेवटी पत्त्यावरील वैद्यालाच द्यावे लागते.

ऑर्डरपूर्वी विचारावयाचे प्रश्न

१) खोक्याचे वजन व मापे किती?
२) शुल्क किमतीत धरले आहे, की ते येथे भरावयाचे आहे?
३) मागोवा क्रमांक भारतात पोचेपर्यंत चालतो का?
४) मालाचा मूळ देश कोणता आणि कोणती प्रमाणपत्रे सोबत येतील?
५) तुटफूट झाल्यास भरपाई कोण देणार? टपालात हरवलेल्या मालाची चौकशी साधारणतः पाठविणाऱ्याने, टपालात टाकल्यापासून सहा महिन्यांच्या आत करावयाची असते. म्हणून विलंब दिसताच विक्रेत्यास लेखी कळवावे.

या पाच प्रश्नांची स्वच्छ उत्तरे न देणाऱ्या विक्रेत्याकडून स्वस्तातही माल घेऊ नये. लहान औषधालयाचे भांडवल बेताचे असते. ते महिना-दोन महिने गोदामात अडकले तर चूर्णे, काढे यांची नित्याची खरेदी थांबते आणि झळ अखेर रुग्णाला पोचते. द्रव्याची परीक्षा आपण शास्त्राने करतो. ते द्रव्य कोणत्या वाटेने व कोणत्या कागदांनिशी आले, याची परीक्षाही आता वैद्याच्या आणि फार्मसीचालकाच्या नित्यकर्मात यावयास हवी.